तिसरा घास

"पहिला माझा घास, येशूबाच्या वाट्याला
उपाशी फिरून आला, बसला माझ्या ओट्याला…"

आवाज आईचा होता. पिठानं जरासा भरलेला, वर चढताना किंचित फाटणारा आणि शेवटाला जात्याच्या घरघरीत विरघळून जाणारा. तो ऐकून किती वर्षं झाली कुणास ठाऊक. आणि आत्ता, उतरत्या दुपारी, शहराच्या छावणी भागातल्या आपल्या गिरणीत उभा असताना तो असा कानाशी आला, की शांतवन मगरेनं मान वळवून मागं पाहिलं. मागं पोत्यांची थप्पी होती आणि भिंतीवर पिठानं पांढरं झालेलं चर्चचं कॅलेंडर. झालं होतं एवढंच, की लाइट गेली होती. लाइट काय, रोजच जाते. पण रोज ती जाते तेव्हा तो डबे सरकवत असतो, कुणाशी तरी बोलत असतो. आज त्याच्या डाव्या हाताची बोटं पडत्या पिठाखाली होती, कारण पीठ बारीक येतंय की रवाळ, ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. आणि बोटांवर पडणारी ती ऊब एकाएकी थांबली. पट्टा आपल्याच ओढीनं दोनचार फेरे फिरला, दगडांनी एक लांब उसासा टाकला, आणि मग जी शांतता आली ती उन्हातून चालत येऊन रांजणातल्या पाण्यात हात बुडवावा तशी लागली. थंड. आणि थोडी भीतीची.

गिरणीचा आवाज हे त्याचं घर होतं, खरं घर वरच्या मजल्यावर असलं तरी. मोटर सुरू झाली की भिंती थरथरत, छातीचं हाड थरथरे, आणि त्या थरथरीत माणसाला स्वतःचं काही ऐकू येत नसे. लोक म्हणत, शांतवन लई शांत माणूस. पोरगा गेला तरी दुसऱ्या आठवड्यात गिरणी चालू केली, देवावरचा भरवसा असावा तर असा. तो मान हलवायचा. भरवसा होता की मोटर होती, हे त्यानं कधी तपासून पाहिलं नव्हतं. प्रार्थनेला बसलं की डोळे मिटत, पण कानात गिरणी चालूच असे, आणि त्या आवाजावर तो शब्द टाकत जाई, घासामागं घास, न थांबता. थांबलं की काय होईल ते त्याला माहीत होतं. आज ते झालं होतं.

"गई क्या?" जाहेदा आपा म्हणाल्या. त्या दाराशी बाकड्यावर बसल्या होत्या, पायाशी गव्हाचा पत्र्याचा डबा, मांडीवर जपमाळ. मागच्या गल्लीतल्या, दाऊद दर्ज्याच्या बायको; दाऊदभाईंना जाऊन आता बराच काळ लोटला होता.

"गेली."

"मेरेच नंबर को जाती. माझं तोंड बघूनच जाती ही तुमची लाइट, शांतवनभाई."

"तुमच्या आधी बाजरी होती आपा. अर्धी दगडात अडकून बसली. तुमच्या गव्हात थोडी उतरली तर मला बोलू नका."

"मी कशाला बोलू? बहू बोलेल. रोटी जरा काळी आली की म्हणती, अम्मी, गिरणीवाला सो रहा था क्या."

तो हसला. हसण्याचा आवाजही आज मोठा वाटला. त्यानं डबा उचलून कट्ट्यावर ठेवला आणि कंबरेतून कळ आली. "आज लई भरलाय हो. पाव्हणे यायचेत का?"

"कोई नहीं." आपांनी जपमाळ बोटाला गुंडाळली. "हात का कसूर है. डब्यात गेहूँ घालते ना, तर तुमच्या भाईच्या वाट्याचं पण पडून जातं. इतने साल हो गए. डोकं म्हणतं, बुढ्ढी, एक आदमी कम है. हात ऐकत नाही."

"मग?"

"मग काय? पकते, खाते सगळे. मेरे घर में खाया ना उनोंने. नमक कम, नमक कम बोल-बोलके खाया." त्या पदराआड हसल्या, आणि त्याच हसण्याच्या ओघात, कडेवरून मूल घसरावं तसं त्यांच्या तोंडून निसटलं, "तुमचा सत्यम म्हणायचा ना, आपा, इथं एक जनरेटर लावतो, मग बघा, बिजली गेली तरी तुमचा नंबर…"

त्या थांबल्या. शांतवनचा हात आपोआप बटणाकडं गेला होता. इतकी वर्षं तो हेच करत आला होता. कुणी नाव काढलं, की याची मोटर सुरू. गल्लीनं ते हळूहळू ओळखलं आणि नाव काढणंच सोडलं. बटण दाबलं गेलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. खट. नुसतं खट. गिरणीत ते नाव उभं होतं, पिठाचे कण अजून खाली बसायचे होते, आणि दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ते कण तरंगत होते.

"माफ करो भाई," आपा म्हणाल्या. "मुँह से निकल गया."

"नाही," तो म्हणाला. नाही म्हणजे काय, ते त्यालाही कळलं नाही. तो पोत्यावर बसला.

सत्यम. उंच, आईसारख्या दाट भुवयांचा, चर्चच्या गायनात सगळ्यांत मागं उभा राहून सगळ्यांत मोठ्यांदा बेसूर गाणारा. आयटीआय करून चितेगावच्या एका कंपनीत लागला होता. संध्याकाळी अंगाला तेलाचा वास घेऊन यायचा आणि बापाच्या पिठाच्या वासात येऊन बसायचा. म्हणायचा, पप्पा, आपण दोघं मिळून एक पुरी होतो. त्याला एक वाईट खोड होती. दोन्ही पंजे पिठात बुडवून बापाच्या पाठीवर मारायचा. शांतवनच्या ध्यानातच येत नसे, आणि तो तसाच पाठीवर दोन पांढरे पंजे घेऊन बाजारात जाई, भाजीवालीशी घासाघीस करी, आणि बायका का हसतात म्हणून चिडे. मग एका हिवाळ्यात सत्यम गाडीवर कामाला निघाला तेव्हा पैठण रोडवर सकाळचं धुकं होतं. त्याच्यापुढं शांतवनच्या मनात चित्र नव्हतं. धुकंच होतं. आपला शर्ट मात्र होता, आदल्या संध्याकाळचा, काळपट निळा, पाठीवर ते दोन पंजे असलेला. दीपमालानं तो धुतला की ठेवला, त्यानं विचारलं नव्हतं. बायकोला विचारण्यासारखं होतं ते एवढंच, आणि तेवढंच राहून गेलं होतं.

पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना होती. मंडळी दाटीवाटीनं बसली होती, आणि घरधनी म्हणून शेवटची प्रार्थना त्यानं करायची होती. तो उभा राहिला आणि रोजच्या सवयीनं, जशी रोज संध्याकाळी करत असे तशी, घरातली नावं घेऊ लागला. दीपमालाला बळ दे, प्रेरणाला तिच्या शिक्षणात सांभाळ, सत्यमला सांभाळ, गाडीवर त्याच्या पुढं-मागं राहा. खोलीत कुणाचा तरी हुंदका फुटला तेव्हा त्याला कळलं आपण काय बोललो ते. सगळे गेल्यावर अप्पाराव मास्तर, चर्चमधले सगळ्यांत जुने वडीलधारे, जिन्याशी थांबले. त्यांनी शांतवनचा हात दोन्ही हातांत घेतला आणि फार मायेनं म्हणाले, "शांतवन, गेलेल्यासाठी आपण मागत नसतो बाबा. तो पोचला. आता त्याला काही कमी नाही." त्यात टोचणारं काही नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. पण शांतवननं ते वाक्य असं उचललं, की खळ्यात पडलेला एकच दाणा चिमणीनं उचलावा आणि बाकीची रास तिथंच राहावी. मागायचं नाही. म्हणजे नाव घ्यायचं नाही. प्रार्थनेत त्या नावाला आता जागा नाही, आणि जिथं देवासमोर जागा नाही तिथं जेवणाच्या ताटासमोर कुठून असणार? त्यानं नाव काढून ठेवलं. आज्ञाधारक माणूस होता तो.

पण संध्याकाळची प्रार्थना कुठं जाणार होती? ती रोजच येई, दिवेलागणीला, चटईवर दोघं समोरासमोर. नावं घ्यायचं काम आता त्यानं दीपमालावर सोडलं होतं. ती एकेकाला हळूच पुढं आणून उभं करी. प्रेरणा, तिच्या लग्नानंतर पुण्यातले जावईबापू, पाळकसाहेब, तिची पाचोडची चुलती, जाहेदा आपांचे गुडघे. प्रेरणाच्या नावानंतर मात्र ती थांबायची. फार नाही. सुईत दोरा ओवायला लागेल तेवढी. थोरलीनंतर धाकट्याचं नाव यायचं ही जिभेची सवय होती, आणि पहिल्याच आठवड्यात त्या थांबण्यात शांतवनला इतकी मोठी खाई दिसली, की तो घाईघाईनं म्हणाला, "येशूच्या नावानं मागतो, आमेन." बाकीची नावं राहूनच गेली त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी दीपमालानं प्रेरणाला शेवटी ठेवलं, म्हणजे थांबणं सगळ्यांच्या शेवटी आलं. आणि तिथं त्याचं आमेन तयारच होतं, दारातल्या कडीसारखं. तेव्हापासून हीच रीत पडली. तो मनाशी म्हणायचा, आपण तिला वाचवतो. तिच्या तोंडून ते नाव निघालं तर ती मोडेल. तिनं मात्र ते थांबणं कधी सोडलं नाही. आणि त्याच्या आमेनवर तिचं आमेन येतं की नाही, ते त्याला कधी ऐकू आलं नव्हतं. गिरणीनं कान गेले, तो म्हणायचा.

"शांतवनभाई," आपा म्हणाल्या, "पानी पिलाते क्या? आणि हवा तरी येऊ द्या, ते दुसरं दार उघडा."

त्यानं दार उघडलं, माठातलं पाणी दिलं. गल्लीतून सायकल गेली, तिची साखळी घासत होती. तो आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. एवढं ऐकू येतं होय आपल्याला, त्याला वाटलं. मग कान गेलेले नाहीत. पुढचा विचार आपोआप येऊन उभा राहिला, आणि त्याला बटण दाबून घालवता येईना. कान गेलेले नाहीत, तर तिचं आमेन येतच नाही.

तो पुन्हा पोत्यावर बसला. आईचा आवाज गेला नव्हता. मघापासून तो तिथंच होता, माणसांच्या बोलण्याखाली, जमिनीलगत. पाचोडच्या अलीकडच्या वस्तीवरचं त्यांचं खोपट, पहाटेचा गारवा, आणि अंधारात बसलेली आई. दगडाबाई तिचं नाव. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हिला दगड म्हटलं, की मरणानं हात लावू नये. बाप फकिरा मिशनच्या विहिरीवर मोट हाकायचा आणि तिथंच त्यानं बाप्तिस्मा घेतला; आईनं त्याच्यामागून. पण आईला चर्चमधली प्रार्थना जमायची नाही. पाळकाचे शब्द पुस्तकी, तिच्या जिभेवर ते कोरडे पडत. ती म्हणायची, "मला बाई डोळे मिटून बसलं की झोप येती. माझा देव जात्यावर येतो." खुंटा धरला की तिला देव सापडायचा. समोर जोडीला कुणी नसायचं, एकटीच ओढायची, आणि विचारलं तर सांगायची, "एकटी कुठं? पल्याडनं तो ओढतोय की." लहानगा शांतू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला असे. जातं फिरलं की मांडी हाले, आणि त्या हलण्यात जग फार सुरक्षित वाटे. पीठ, घाम आणि करडईच्या तेलाचा वास. ती मुठीनं घास टाकायची, आणि प्रत्येक घासाला एकेकाची ओवी.

"दुसरा माझा घास, शांतूच्या पायाला
वाटचा काटा, देवा, नको त्याला रुतायाला…"

हे त्याचं. हे तो झोपेतही ओळखायचा. आपलं नाव आलं की डोळे मिटूनच हसायचा. आणि मग तिसरा. तिसरा माझा घास… इथं येऊन आवाज तुटत होता. तिसरा कुणाचा होता? घरात तर तिघंच होते, आणि बापाचा घास शेवटी यायचा, त्याची थट्टा करून, विडी ओढतो म्हणून. मग तिसरा? तो डोळे मिटून बसला. चर्चमध्ये मिटतो तसे नाही. मांडीवर मिटायचा तसे. काही मागितलं नाही. पोत्याचा खरखरीतपणा तळहाताला लागत होता, गव्हाचा कोरडा, गोडसर वास येत होता, आणि फार दिवसांनी त्याला आपला श्वास ऐकू आला. पल्याड कुणीतरी बसलंय असं वाटलं. वाटलं म्हणजे काय, ओझं जरा हललं, एवढंच. एकट्याच्या हातानं हललं नसतं.

एक बहीण होती. त्याच्या पाठची, मार्था. त्याला तिचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होती ती झोळी, तुळईला बांधलेली, आणि एक दिवस तीच झोळी सोडून आईनं घडी घालून ठेवलेली. आणि त्यानंतरच्या एका पहाटे आईनं मूठ भरली, टाकली, आणि मार्थाचं नाव गायलं. तो उठून बसला होता. मुलांना हिशेब कळतो. म्हणाला होता, "आये, ती तर नाय आता. तिचा घास कशापायी?" जातं थांबलं नव्हतं. आईनं रडत उत्तर दिलं नव्हतं, समजूतही काढली नव्हती. तिनं नुसती ओवी पुढं म्हटली होती, जणू उत्तर आधीच बांधून ठेवलं होतं.

"तिसरा माझा घास, मार्था माझ्या पाव्हणीला
मागणं नाही देवा, आली होती अंगणाला…"

पंखा फिरला. डोक्यावरचा पिवळा दिवा लागला, फ्रीजवाल्याच्या दुकानातून रेडिओ ओरडला. "आली, आली," जाहेदा आपा उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चलो, लावा आता." शांतवन बटणापाशी उभा राहिला आणि दाबेना.

"काय झालं? शॉक लगा क्या?"

"नाही आपा. दोन मिनिटं." त्यानं चेहऱ्यावरून पिठाचा हात फिरवला, आणि चेहरा ओला होता म्हणून पीठ तिथं चिकटलं. "सत्यम काय म्हणायचा? जनरेटरचं. पुरं सांगा."

आपांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. मग पुन्हा बाकड्यावर बसल्या, जपमाळ सोडली आणि म्हणाल्या, "म्हणायचा, बिजली गेली तरी तुमचा नंबर जाणार नाही. पण मग पप्पा थांबणारच नाहीत, रात-दिन दळत बसतील, म्हणून नाही लावत. हरामखोर. तुम्हाला लई ओळखत होता." आणि मग त्यांनी आणखी एकदोन गोष्टी सांगितल्या, त्यानं त्यांची जपमाळ एकदा दुरुस्त केली होती ती, आणि ईदचा शीरखुर्मा जिन्यातच उभ्यानं पिऊन टाकून आईला रिकामं भांडं नेऊन दिलं होतं ते. शांतवन ऐकत राहिला. मोटर गप्प होती. मग त्यानं बटण दाबलं, बाजरीनंतर दगड साफ करायला स्वतःच्या पोत्यातले मूठभर गहू आधी टाकले, मग आपांचा डबा ओतला. दाऊदभाईंच्या वाट्यासकट.

दिवेलागणीला तो वर गेला. दीपमाला भाकरीचं पीठ मळून हात धुऊन आली होती, अंगठ्याच्या नखाशी थोडं राहिलं होतं. चटई अंथरलेली. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तोंड धुतलं नाय का? गालावर सगळं वाळलंय."

"राहू दे. लाइट गेली होती."

"ती रोजच जाती."

ते समोरासमोर बसले. तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. चुलतीचं दुखणं, जावईबापूंची बदली, पाळकसाहेब, जाहेदा आपांचे गुडघे. आज त्याला तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. शब्दांच्या मधला श्वाससुद्धा. तो डोळे उघडे ठेवून तिच्याकडं बघत होता, असं त्यानं कधी केलं नव्हतं. भुवया तशाच दाट, मध्ये आता पांढऱ्या. "आणि आमच्या प्रेरणाला सांभाळ," ती म्हणाली, आणि थांबली.

त्यानं पाहिलं, तिचा उजवा हात मांडीवर अर्धवट मिटला होता. मूठ भरायच्या आधी मिटतो तसा. आमेन त्याच्या जिभेवर आलं होतं, वर्षानुवर्षांचं, गुळगुळीत झालेलं. त्यानं ते धरून ठेवलं. खाली गल्लीत कुणी कुणाला हाक मारली. थांबणं लांबलं. सुईत ओवायच्या दोऱ्याइतकं होतं ते वाढून ओंजळीएवढं झालं, खोलीएवढं झालं, आणि त्याला वाटलं होतं तशी खाई त्यात नव्हती. कुणाची तरी बसायची जागा होती ती. दीपमालाचे मिटलेले डोळे हलले. तिला आमेन ऐकू आलं नव्हतं. ती वाट बघत होती. किती दिवसांपासून, ते त्याला आत्ता कळलं.

"आणि सत्यम," तो म्हणाला.

आवाज फाटला. त्यानं पुन्हा घेतला. "बापा, सत्यमसाठी आम्ही काही मागत नाही. तो आला होता आमच्या घरी. जेवला. बेसूर गायला. माझ्या पाठीवर पिठाचे पंजे मारले. त्याच्यासाठी, सत्यमसाठी, तुझे आभार."

दीपमालानं डोळे उघडले नाहीत. तिची मूठ हळूहळू उघडली, तळवा वर करून मांडीवर राहिली. गालावरून ओघळलेलं तिनं पुसलं नाही. मग अगदी हळू, पण खोलीच्या या टोकापर्यंत लख्ख ऐकू येईल असं, ती म्हणाली,

"आमेन."